पहाटे पाचचे दार

मारामारी, रेटारेटी, खेचाखेची, चेंगराचेंगरी हे शब्द एकाच साच्यातून निघालेले आहेत. क्रियापद दुणावले की ‘सगळ्यांनी सगळ्यांना’ असा अर्थ आपोआप तयार होतो. मारामारीला तो साजतो, कारण तिथे दोन्ही बाजूंचे हात चालत असतात. चेंगराचेंगरीत मात्र चेंगरणारा शोधायला गेले तर सापडत नाही. मेलेला माणूस असतो, त्याच्या अंगावरून गेलेले लोक असतात, त्यांना मागून रेटणारे असतात, आणि त्यांच्याही मागे रस्त्यापर्यंत पसरलेली, पुढे काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेली माणसे असतात. शब्दाने दोष सगळ्यांना सारखा वाटून दिला की चौकशी तिथेच थांबते. ‘एकच झुंबड उडाली’ हे आपल्या बातम्यांतले ठरलेले वाक्यही याच जातीचे आहे. झुंबड उडते, ती कोणी उडवत नाही. सणासुदीच्या खरेदीच्या सेलमध्ये माणसे जखमी होतात, क्वचित मरतात, तेव्हा तर हे व्याकरण फारच सोयीचे पडते. हाव सुटलेले लोक एकमेकांच्या अंगावर पडले, एवढे म्हटले की झाले. मला मात्र उपलब्ध पुरावा उलट दिशेने बोट दाखवताना दिसतो. किंमत, नगांची संख्या, दार आणि घड्याळ या चार गोष्टी ज्याच्या हातात असतात त्याने ही झुंबड रचलेली असते. त्याला गर्दी हवीच असते, फक्त मेलेला माणूस नको असतो.

या प्रश्नाची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकेतली आहे. नोव्हेंबरमधला चौथा गुरुवार हा तिथला थँक्सगिव्हिंगचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाताळची खरेदी सुरू होते आणि त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. व्यापाऱ्यांची वही तोट्याच्या लाल शाईतून नफ्याच्या काळ्या शाईत येते म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते, पण ती नंतर जोडलेली कथा आहे. शब्द रुळवला तो फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी, 1950 आणि 60 च्या दशकांत, त्या दिवशी शहरात होणाऱ्या वाहनांच्या आणि माणसांच्या कोंडीला वैतागून. म्हणजे या दिवसाचे बारसे नफ्याने नव्हे, गर्दीनेच केले होते. 28 नोव्हेंबर 2008 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील व्हॅली स्ट्रीम इथल्या वॉलमार्टच्या दुकानाबाहेर सुमारे 2000 लोक जमले होते. आदल्या संध्याकाळपासून रांग लागली होती. आत 50 इंची प्लाझ्मा टीव्ही 798 डॉलरला, डिजिटल कॅमेरा 69 डॉलरला, व्हॅक्यूम क्लीनर 28 डॉलरला मिळणार होता. हे वर्ष मंदीचे होते, लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिनेही झाले नव्हते. पहाटे पाचला दार उघडायचे होते. पाचच्या जरा आधीच गर्दीच्या दाबाने काचेची दारे चौकटीतून निखळली आणि आतून दार धरून उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकजण खाली गेला. हा 34 वर्षांचा, एजन्सीमार्फत हंगामापुरता घेतलेला कामगार होता. गर्दी हाताळण्याचे प्रशिक्षण त्याला मिळालेले नव्हते. साडेसहा फुटांच्या आसपास उंची आणि सव्वाशे किलोच्या घरातले वजन, या भांडवलावर त्याला दारापाशी उभे केले होते. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण निघाले ते गुदमरणे.

हावेचा सिद्धांत नेमका या अहवालापाशी अडखळतो. तुडवले जाऊन मरणे आणि गुदमरून मरणे यांत फरक आहे, आणि गर्दीत मेलेल्यांच्या बाबतीत दुसराच प्रकार कितीतरी जास्त आढळतो. अमेरिकी अभियंता जॉन फ्रुइन याने 1993 च्या आपल्या गाजलेल्या निबंधात याचे यंत्रशास्त्र मांडले. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असेपर्यंत माणूस आपल्या पायांचा मालक असतो. ही संख्या सातच्या आसपास गेली की गर्दी प्रवाही पदार्थासारखी वागू लागते. तिच्यातून लाटा जातात, त्या लाटा माणसांना तीन-तीन मीटर उचलून नेतात, पायांतले बूट आणि अंगातले कपडे निघून येतात. अपघातांनंतर लोखंडी कठडे वाकलेले सापडले, त्यांवरून काढलेला दाब साडेचार हजार न्यूटनहून, म्हणजे साडेचारशे किलोच्या वजनाहून, जास्त निघाला. असा दाब छातीवर आला की फासळ्या हलायला जागा राहत नाही. माणूस उभ्याउभ्याच मरू शकतो. हे सगळे होण्यासाठी कोणी कोणाला मुद्दाम ढकलायला लागत नाही. मागच्या रांगेतल्या प्रत्येकाने अर्धे पाऊल पुढे टाकले, की त्या अर्ध्या-अर्ध्या पावलांची बेरीज पुढच्याच्या छातीवर येऊन पडते. शिवाय गर्दीला पाठीमागे बातमी पाठवता येत नाही. पुढे कोणी पडले हे सातव्या रांगेतल्या माणसाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो, विसाव्या रांगेतल्याला ते कळतच नाही. त्याला एवढेच दिसते की पुढे हालचाल झाली, म्हणजे दार उघडले. म्हणून तोही सरकतो. फ्रुइनने अशा दुर्घटनांमागचे घटक चार सांगितले: बळ, माहिती, जागा आणि वेळ. लोकांची नियत या यादीत नाही, आणि ती विसरून राहिलेली नाही.

लोकांच्या नियतीवर बोट ठेवण्याची परंपरा मात्र जुनी आहे. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ याने 1895 मध्ये गर्दीच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि गर्दीत शिरताच शहाणा माणूसही रानटी पातळीवर उतरतो, ही कल्पना सुशिक्षित जगाच्या गळी उतरवली. संप आणि क्रांत्या यांना धास्तावलेल्या वर्गाचे ते तत्त्वज्ञान होते. पण ते रंगतदार असल्यामुळे संपादकांना आजही आवडते. प्रत्यक्ष तपासणीत त्याचा टिकाव लागत नाही. 3 डिसेंबर 1979 ला सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमापूर्वी दारापाशी 11 तरुण मेले, तेव्हा वृत्तपत्रांनी संगीतवेड्या पोरांची बेफाम झुंड असाच मथळा धरला. तिथल्याच विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ नॉरिस जॉन्सन यांनी पोलिसांनी घेतलेले जबाब एकेक करून वाचले आणि 1987 मध्ये निष्कर्ष मांडला: बेफामपणाचा पुरावा नाही, उलट शक्य होते तोवर लोक अनोळखी माणसांना उचलत, सावरत होते. जागा आरक्षित नव्हत्या, म्हणजे जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. दारे पुष्कळ होती, पण उघडलेली थोडी. आतून वाद्ये जुळवण्याचा आवाज आला आणि बाहेरच्यांना वाटले, कार्यक्रम सुरू झाला. शहराने तर घटनेनंतर लगेच शहाणपणाने जे करायचे ते केले होते: तरुणांना संस्कारांचे धडे न देता अनारक्षित प्रवेशाच्या पद्धतीवर बंदी घातली होती. आता या घटनेतून संगीत काढून टाका आणि टीव्ही ठेवा. मर्यादित माल, आधी येईल त्याला, थोडी दारे, अपुरी माहिती. व्हॅली स्ट्रीमचा आराखडा 29 वर्षे आधीच काढून ठेवलेला होता.

अशा सेलमधल्या जवळजवळ फुकटात दिल्या जाणाऱ्या मोजक्या वस्तूंना अमेरिकी किरकोळ व्यापारात ‘डोअरबस्टर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः दार फोडणारा. हा शब्द एखाद्या टीकाकाराने चिकटवलेला नाही, दुकानदारांनीच तो जाहिरातीत मिरवला आहे. त्या वस्तूवर नफा नसतो, कधी तोटाच असतो. तिचे काम विकले जाण्याचे नसून माणसे खेचण्याचे आहे. दहा टीव्हींसाठी हजार माणसे आली की उरलेल्या नऊशे नव्वदांनी रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून काहीतरी उचलावे, हा हिशेब. तुटवड्याचा हा परिणाम मानसशास्त्राला जुनाच ठाऊक आहे. 1975 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात तीच बिस्किटे बरणीत दहा असण्यापेक्षा दोन असताना लोकांना जास्त हवीशी वाटली होती. पण ‘वेळ थोडा’ आणि ‘नग थोडे’ या दोन तुटवड्यांत फरक आहे आणि तो दुकानदाराला चांगला कळतो. वेळ थोडा असेल तर माझी शर्यत घड्याळाशी असते. नग थोडे असतील तर ती शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी असते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अगरवाल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मर्यादित नगांची जाहिरात मर्यादित वेळेच्या जाहिरातीपेक्षा जास्त प्रभावी ठरली, आणि त्याचे कारण ग्राहकांमधली हीच चुरस असल्याचे दिसले. पुढे 2017 मध्ये क्रिस्टॉफरसन, मॅकफेरन, मोरालेस आणि डाल या चौघांनी सात प्रयोगांतून दाखवले की मोजक्या नगांची जाहिरात नुसती पाहिली तरी, विशिष्ट परिस्थितीत, माणसाचे वागणे अधिक आक्रमक होते. बंदुकीच्या व्हिडिओ गेममध्ये तो जास्त गोळ्या झाडतो, कारण इतर ग्राहक त्याला आता प्रतिस्पर्धी वाटू लागलेले असतात. ज्याला आपण हाव म्हणतो ती माणूस घरून घेऊन येतो हे खरे मानले, तरी तिला शेजाऱ्याच्या दिशेने वळवण्याचे काम जाहिरात करते.

इथे पहिला, आणि सर्वांत रास्त, आक्षेप येतो. दाबाचे गणित ठीक आहे, पण व्हिडिओत दिसणाऱ्या हाणामाऱ्यांचे काय? बॉक्स हिसकावणारे, ट्रॉलीवर झेपावणारे लोक काही लाटेत वाहून गेलेले नसतात. 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोर्टर रँच भागात एका बाईने स्वस्तातल्या व्हिडिओ गेमसाठी जमलेल्या लोकांवर मिरपुडीचा फवारा मारला आणि वीसेक जणांना त्रास झाला. हे वागणे तिचे स्वतःचे होते आणि त्याला रचनेचे पांघरूण घालण्याची मला गरज वाटत नाही. पण ही घटना घडली कशी तेही पाहायला हवे. 2008 नंतर वॉलमार्टने धडा घेतला होता; 2009 पासून पुष्कळ दुकाने सणाच्या रात्रभर उघडी ठेवली, म्हणजे दारापाशी तुंबण्याचा प्रश्नच नाही. दार गेले. पण सवलतीचा माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी फळ्यांवर, दुकानाच्या मधोमध, ठरलेल्या क्षणापर्यंत झाकून ठेवण्याची पद्धत तशीच राहिली. माणसे त्या ढिगाभोवती तास-तास उभी राहू लागली. दार निघून गेले आणि ढीगच दार झाला. आणखी एका वर्षाने, 2012 मध्ये, याच कंपनीने वेगळा उपाय केला: काही निवडक वस्तूंसाठी, ठरलेल्या एका तासात जो रांगेत असेल त्याला माल संपला तरी त्याच किमतीत नाताळपर्यंत वस्तू देण्याची हमी. पुढच्या वर्षी हमीच्या वस्तू तीनवरून एकवीस झाल्या. बारकाईने पाहिले तर हा नगांच्या तुटवड्याचे वेळेच्या तुटवड्यात रूपांतर करण्याचा उपाय होता. शेजाऱ्याला ढकलून आता काही मिळणार नव्हते. प्रयोगशाळेत पाच वर्षांनी जे सिद्ध व्हायचे होते ते दुकानाच्या फरशीवर आधीच समजले होते. आणि ते समजायला ग्राहकांचे चारित्र्य सुधारण्याची वाट पाहावी लागली नाही.

संस्कृतीवर खापर फोडणाऱ्यांसाठी ब्रिटनचे उदाहरण मोठे गमतीचे आहे. अमेरिकी माणूस उपभोगवादी, म्हणून तो टीव्हीसाठी भांडतो, असे म्हणणे सोपे जाते. ब्रिटिश माणूस तर रांगेसाठी जगप्रसिद्ध. बसथांब्यावर एकटा असला तरी तो रांग लावून उभा राहतो, असा त्यांचाच विनोद आहे. तिथे थँक्सगिव्हिंग नाही, त्यामुळे ब्लॅक फ्रायडेलाही कारण नाही. 2013 मध्ये असदा या, तेव्हा वॉलमार्टच्या मालकीच्या असलेल्या साखळीने तो दिवस मोठ्या प्रमाणावर आयात केला. 2014 मध्ये मध्यरात्री दारे उघडली तेव्हा रांगेसाठी प्रसिद्ध असलेल्या याच लोकांनी टीव्हीच्या खोक्यांवरून धक्काबुक्की केली, अनेक शहरांत पोलीस बोलवावे लागले. ग्रेटर मँचेस्टरचे पोलीसप्रमुख पीटर फाही यांनी लोकांना दोन शब्द सुनावण्याऐवजी दुकानांना सुनावले: हे होणार हे उघड होते, मग पुरेसे सुरक्षारक्षक का नव्हते? 2015 मध्ये असदाने ब्लॅक फ्रायडेतून अंग काढून घेतले. एका वर्षात ब्रिटिश स्वभाव बिघडला आणि पुढच्या वर्षी सुधारला, असे मानायचे नसेल तर आराखडा बदलल्याने वागणे बदलले, हेच मानावे लागते.

दुसरा आक्षेप वकिलांचा आहे, आणि तो न्यायालयात प्रत्यक्ष मांडला गेला. व्हॅली स्ट्रीमच्या घटनेनंतर अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, वॉलमार्टला 7000 डॉलर दंड केला. एका गंभीर उल्लंघनाला तेव्हा कायद्याने इतकाच दंड होता. त्या दिवशीच्या सवलतीच्या भावाने जेमतेम नऊ टीव्हींची किंमत. सव्वाचारशे अब्ज डॉलरच्या आसपास वार्षिक विक्री असलेल्या कंपनीने तो भरून टाकला नाही. तिने दहा लाख डॉलरहून अधिक वकिलांवर खर्च केले, आणि खात्याच्या विधी विभागाचे हजारो तास त्यात गेले. मुद्दा दंडाचा नव्हता. गर्दीने चेंगरले जाणे हा किरकोळ व्यापारातला ‘ओळखलेला धोका’ आहे हे एकदा मान्य झाले असते, तर पुढच्या प्रत्येक सेलच्या आधी त्याची तयारी करणे मालकाचे कर्तव्य ठरले असते. कंपनीचे म्हणणे असे की असा मृत्यू पूर्वी झाला नव्हता, म्हणून तो कोणाला दिसणे शक्य नव्हते. मार्च 2011 मध्ये न्यायाधीशांनी हे म्हणणे फेटाळले. 2015 मध्ये कंपनीने अपील मागे घेतले. दरम्यान स्थानिक सरकारी वकिलांशी झालेल्या समझोत्यात खटला टाळण्याच्या बदल्यात जखमींसाठी चार लाख आणि समाजकार्यासाठी 15 लाख डॉलर देऊन, न्यूयॉर्क राज्यातल्या सर्व 92 दुकानांत गर्दीव्यवस्थापनाची योजना राबवायचे तिने कबूल केले होते. म्हणजे जे दिसणे शक्य नव्हते त्यावरचा उपाय वर्षाच्या आत सापडला होता.

खरे तर ते दिसत होते. 1983 च्या नाताळात ‘कॅबेज पॅच’ बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत झालेल्या हाणामाऱ्या देशभर टीव्हीवर दाखवल्या गेल्या होत्या; पेनसिल्व्हेनियातला एक दुकानव्यवस्थापक बेसबॉलची बॅट हातात घेऊन उभा राहिला होता. 1 सप्टेंबर 2004 ला सौदी अरेबियात जेद्दा इथे आयकियाच्या नव्या दुकानाने पहिल्या काही ग्राहकांना खरेदीची कुपने देऊ केली. दारापाशी तीन माणसे मेली. जेमतेम पाच महिन्यांनी, फेब्रुवारी 2005 मध्ये, उत्तर लंडनच्या एडमंटनमध्ये त्याच नावाचे दुकान मध्यरात्री उघडले, 45 पाउंडांच्या सोफ्यासाठी सहा हजारांच्या आसपास लोक आले आणि अर्ध्या तासात दुकान बंद करावे लागले. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. दोन्ही दुकाने चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या होत्या हे मान्य. पण पाटी एकच होती, बातमी जगभर छापून आली होती, आणि तरीही मध्यरात्र, मोजके सोफे आणि एक दार ही तीच मांडणी पुन्हा केली गेली. न दिसणे आणि न पाहणे या दोन क्रिया मराठीत वेगळ्या आहेत.

तिसरा आक्षेप प्रमाणाचा. सेलमध्ये मरणारे किती? अमेरिकेत ब्लॅक फ्रायडेला दारापाशी चेंगरून झालेला सर्वपरिचित मृत्यू व्हॅली स्ट्रीमचा, एकच. इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्यांत पार्किंगमधले गोळीबार आणि जागरणानंतरचे मोटारअपघातही मिसळलेले असतात. रस्त्यावर रोज मरणाऱ्यांच्या तुलनेत हे काहीच नाही. आकडा खरा आहे. पण दुर्मीळ असणे आणि टाळायला स्वस्त असणे यांचा एकत्र विचार करावा लागतो. ओशाने नंतर दुकानदारांसाठी जी मार्गदर्शक पत्रिका काढली ती वाचली तर थक्क व्हायला होते, कारण तिच्यात काहीच विशेष नाही. अडसर दाराला चिकटून नको, दारापासून दूर सुरू व्हावेत; रांग सरळ नको, तिला वळणे आणि मध्ये मोकळ्या जागा असाव्यात; मोजक्या वस्तूंसाठी आधीच मनगटपट्टे किंवा क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटाव्यात; सवलतीचा माल दुकानभर विखरून ठेवावा; दार कधी उघडणार आणि कोणता माल संपला हे रांगेच्या शेपटापर्यंत सांगत राहावे; आत क्षमतेइतकी माणसे झाली की आणखी घेऊ नयेत. रेशनच्या दुकानावर टोकन घेतलेल्या कोणालाही यातले निम्मे ठाऊक असेल. व्हॅली स्ट्रीमलाही अडसर होते, पण त्यांच्या आणि दाराच्या मधली मोकळी ठेवायची जागा रात्रीतून भरून गेली आणि ती पुन्हा मोकळी करणारे कोणी नव्हते. मोजक्या टीव्हींसाठी संध्याकाळीच चिठ्ठ्या वाटल्या असत्या तर उरलेल्यांना पहाटे पाचला दाराशी असण्याचे कारणच उरले नसते. त्या वाटल्या जात नाहीत, कारण मग उरलेले घरी जातात, आणि पहाटे टीव्हीवर दाखवायला रांग राहत नाही.

गरिबांचा मुद्दा मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. सवलत ही चैन नसते, काहींची वर्षाची एकमेव संधी असते. तिच्यावर निर्बंध घातले तर नुकसान कोणाचे? 10 नोव्हेंबर 2007 ला चीनमधल्या चोंगछिंग शहरात कारफूरच्या दुकानात तीन माणसे मेली आणि 31 जखमी झाली. ती टीव्हीसाठी आली नव्हती. खाद्यतेलाच्या बाटलीवर वीसेक टक्के सूट होती, आणि त्या वर्षी चीनमध्ये डुकराचे मांस व तेल यांचे भाव भडकलेले होते. आपल्याकडे एप्रिल 2004 मध्ये लखनौला एका राजकीय नेत्याच्या वाढदिवशी फुकट साड्यांच्या वाटपात वीसहून अधिक स्त्रिया मेल्या. तिथे विक्री नव्हती, दान होते, पण रचना तीच होती. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून या बायकांची टवाळी करणे हे ल बाँचेच देशी रूप आहे. साडीची किंमत ज्याला शंभर रुपये वाटते आणि जिला ती महिन्याची बचत वाटते, त्या दोघांच्या तराजूत वजने वेगळी आहेत. गरज जितकी खरी तितकी वाटणाऱ्याची जबाबदारी मोठी, एवढाच त्यातून निष्कर्ष निघतो. चीनने त्या घटनेनंतर वेळेच्या मुदतीवर चालणाऱ्या अशा सेलवर बंदी घातली. हा उपाय मला अर्धवट वाटतो. मुदत पुरेशी लांब आणि माल पुरेसा असेल तर कोणी धावत नाही. मुदत तासाची असली की मर्यादित वेळही माणसांना एका दारात एका क्षणी आणून ओतते. वर मी वेळेचा तुटवडा नगांच्या तुटवड्यापेक्षा सौम्य म्हटला, तो रांगेतल्या हमीसह. हमी काढून घेतली की तो सौम्यपणा संपतो. सूट बंद करण्याची गरज नाही. तीच सूट तीन दिवस, किंवा चिठ्ठी काढून, किंवा नाव नोंदवून देता येते, आणि तेल तितकेच स्वस्त मिळते. आपल्याकडच्या बिग बझार या दुकानसाखळीने 26 जानेवारी 2006 ला ‘सबसे सस्ता दिन’ साजरा केला तेव्हा गर्दी आवरेना, पोलीस बोलवावे लागले, शटर खाली ओढावे लागले. पुढे त्याच योजनेचे ‘सबसे सस्ते दिन’ असे अनेकवचन झाले. दिवस वाढले की गर्दीही त्यांत वाटली जाते.

शेवटी ऑनलाइनचा मुद्दा: आता हे सगळे इतिहासजमा झाले, कारण माणसे फोनवरून खरेदी करतात. 2020 मध्ये कोविडमुळे अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांनी थँक्सगिव्हिंगला दुकाने बंद ठेवली, सवलती आठवडाभर पसरल्या आणि नंतरही ती पद्धत टिकली. जे सुरक्षेसाठी करणे व्यापाराला परवडणार नाही असे सांगितले जात होते ते विषाणूमुळे एका हंगामात झाले. दाराचा दाब सर्व्हरवर गेला. ऑक्टोबर 2014 मध्ये फ्लिपकार्टच्या ‘बिग बिलियन डे’ला संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली, पण सर्व्हरला फासळ्या नसतात. तरी प्रश्न मिटलेला नाही. जिथे विक्रेत्याला रांगेचे छायाचित्र हवे असते तिथे दार परत येते. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या बीकेसीत नव्या आयफोनच्या पहिल्या सकाळी रांगेत हाणामारी झाली. तो फोन नंतरही मिळणारच होता, आणि रांगेतल्या कोणाला तेलाची किंवा साडीची निकड नव्हती. इथे तर सवलतही नव्हती. होते फक्त ‘पहिला’ असण्याचे मोल, आणि ते विक्रेत्याने वर्षानुवर्षे जोपासलेले आहे.

व्हॅली स्ट्रीमच्या त्या दुकानाची आणखी एक नोंद आहे, जी सहसा लोकांच्या निर्लज्जपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. पहाटे सहा वाजून तीन मिनिटांनी त्या कामगाराला मृत घोषित केले. दुपारी एक वाजता दुकान पुन्हा उघडले आणि ग्राहक पुन्हा आत आले. गाव तेच, हंगाम तोच, मंदी तीच, आणि दारही तेच. दुपारी एकला मात्र मोजक्या टीव्हींची शर्यत उरलेली नव्हती, आणि त्या दारात कोणालाही इजा झाली नाही.